हॉफमनपर्यंत जाणारी गोळी

गोळी किती खोल शिरते असं एल्वुड फेगली कधी म्हणत नसे. ती कोणापर्यंत पोचते, असं म्हणे.

नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचे जे थोडे आठवडे असतात, त्यांत फक्त चकमकीची, ठासणीची बंदूक चालते. नळीत दारू ओतायची, त्यावर गोळी गजानं ठासायची, बाहेरच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालायची. चाप ओढला की ठिणगी पडते, आणि देवाच्या मनात असेल तर बार उडतो. दुसरा बार भरेपर्यंत हरीण टेकडीपलीकडे गेलेलं असतं. म्हणून ती एक गोळी कोणती, यावरून आमच्या खोऱ्यात सख्खे भाऊ अबोला धरतात.

एल्वुडनं एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाला त्या आठवड्यात त्यानं गोळ्यांचा अभ्यास सुरू केला. टेलिफोनच्या पाच जुन्या डिरेक्टऱ्या त्यानं उसवल्या, सगळी पानं आडनावांच्या ए ते झेड क्रमानं पुन्हा लावली, बादलीत भिजवली आणि कोठारामागे गठ्ठा करून बांधली. पुढे अॅडम्स, सगळ्यात मागे झिमरमन. पन्नास पावलांवरून तो त्यात गोळी मारी आणि मग ओलं पान न् पान उलटत बसे. तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी हॉफमनपाशी थांबायची. लांबट गोळी रीबरपर्यंत जायची. प्लास्टिकच्या कपात बसवलेली एकदा थेट वॉग्नरांत शिरली.

गावात ही भाषा रुळली. दुकानात माणसं विचारू लागली, “मोठ्या नरासाठी लाँगपर्यंत जाणारी आहे का?” हॉफमनबाई चर्चमध्ये एल्वुडच्या बाकावर बसेनाशा झाल्या. शेजारचा माहलन योस्ट मात्र छाती काढून फिरे. “बारा वर्षं झाली, लेका,” तो म्हणे, “तुझी एक गोळी माझ्यापर्यंत आलेली नाही.”

“येईल,” एल्वुड शांतपणे म्हणे.

त्याचं स्वतःचं, फेगलींचं पान प्रत्येक वेळी फाटायचं. त्याचं त्याला काही वाटत नसे.

या बारा वर्षांत त्यानं एकही हरीण मारलं नव्हतं. हरणं दिसत नव्हती असं नाही. हरीण दिसलं की त्याला वाटे, याला आज भरलेली गोळी बरोबर नाही. हे जरा हाडकुळं आहे, हॉफमन पुरला असता.

त्याची बायको वर्डेला हिनं मागच्या खोलीचं दार बारा वर्षं लोटून घेतलं होतं. त्या खोलीत साचे होते, शिशाच्या लगडी होत्या, गोळ्यांच्या दोनशेचाळीस डब्या होत्या आणि खिडकीत वाळत घातलेला अर्धा जिल्हा होता. या वर्षी तिची थोरली बहीण मिनर्व्हा कायमची राहायला येणार असं ठरलं. नाताळच्या जेवणावर वर्डेला म्हणाली, “एल्वुड, शेवटच्या दिवशी अंधार पडायच्या आत एक हरीण या घरी आलं, तर खोली तुझी. नाही आलं, तर मिनर्व्हाचा पलंग तिथे.”

“कुठलं हरीण?”

“चार पायांचं.”

एल्वुडनं काटा खाली ठेवला. तिनं एकदा बोललेलं ती फिरवत नाही, हे त्याला त्रेचाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

पहिले आठवडे निवड करण्यात गेले. शेवटच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन गोळ्या ओळीनं मांडून तो बसला होता. वर्डेला त्यांच्याभोवतीनं कणीक मळत होती.

“थंडीत शिसं कडक होतं,” तो म्हणाला.

“हातही होतात. जा आता.”

दुपारी दोनला गोल गोळी ठरली. चिंधीला लावायची चरबी संपली होती, म्हणून त्यानं नाताळच्या खारवलेल्या मांसाची, फ्रिजमधल्या ताटात थिजलेली चरबी लावली. टेकडीखालच्या ओढ्याशी जाऊन त्यानं बार भरला. चिंधी नीट घडी करून ठेवली, गोळी मधोमध बसवली, गजानं खालपर्यंत ठासली, रंजक घातली आणि एका झाडाला टेकून बसला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा हरिणी आली. पन्नास पावलांवर येऊन ती आडवी उभी राहिली. एल्वुडनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हिला हीच गोळी. त्यानं चाप ओढला.

वाटीतली रंजक भुर्रकन पेटली आणि विझली. पुढे काही झालं नाही.

हरिणीनं मान वळवून पाहिलं. एल्वुडनं पुन्हा रंजक घातली, पुन्हा चाप ओढला, पुन्हा भुर्र. तिसऱ्या वेळेला त्याच्या ध्यानात आलं. चार तास गोळी निवडण्याच्या नादात तो नळीत दारू ओतायचीच विसरला होता.

तळाशी ठासलेली गोळी काढायची एकच सोपी रीत असते. ठिणगी आत जायच्या बारीक भोकातून दारूचे चार कण आत सारायचे आणि उडवून द्यायची. त्यानं गारठलेल्या बोटांनी तसं केलं. टाळी वाजावी इतपत आवाज झाला. गोळी नळीतून बाहेर आली, हवेत थोडी वर गेली आणि दहा पावलांवर बर्फात टपकन पडली. चिंधी तिच्याशेजारी तरंगत उतरली.

हरिणी चालत आली. तिनं गोळी हुंगली आणि सोडून दिली. चिंधी मात्र तिनं चाटायला घेतली. खारट होती ती.

आता ती दहा पावलांवर होती. बार भरायला वेळ होता, या खेपेला दारूही आठवली होती. पण एल्वुडचा सगळा अभ्यास पन्नास पावलांचा होता. दहा पावलांवरून कोण? क्लाइन? मिलर? तो झाडाला टेकून विचार करत राहिला, आणि तेवढ्यात कायद्यानं ठरवलेली शिकारीची वेळ संपली. तो उठला, बंदूक खांद्यावर टाकली आणि घराकडे निघाला.

वर्डेलानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. उरलेल्या उजेडात नवरा शेत ओलांडून येत होता. वीस पावलं मागून, त्याच्या बोटांच्या वासावर, एक हरिणी येत होती. तो थांबला की ती थांबे.

कुंपणापलीकडून माहलन ओरडला, “एल्वुड! आमिष दाखवणं गुन्हा आहे!”

“ते बार उडवण्याआधी!” एल्वुड मागे न बघता म्हणाला. “नंतरचं काही लिहिलेलं नाही.”

हरिणी अंगणात आली आणि पायरीपाशी उभी राहिली. वर्डेला शाल घेऊन बाहेर आली. तिनं हरिणीला पाहिलं, मग आकाश पाहिलं. पश्चिमेला अजून एक फिकी रेघ होती.

“अंधार पडलेला नाही,” ती म्हणाली. “खोली तुझी.”

“छे, असं कसं?” एल्वुड चपापला. “मी हिला मारलेलं नाही, वर्डी. माझा बार फुकट गेला. मी दारू घालायला विसरलो.”

“मी ‘मारून आण’ म्हटलं नव्हतं. घरी यावं म्हटलं होतं.”

“मतलब तोच होता ना!”

“मतलब काय होता ते मला ठाऊक. चार पाय मोज.”

“ही फसवणूक आहे. मिनर्व्हाचा पलंग मी आत्ता आत घेतो.”

“हात लावून बघ पलंगाला.”

दोघं पायरीवर उभं राहून भांडत राहिले. तो खोली द्यायला निघाला होता आणि ती घ्यायला तयार नव्हती. बोलता बोलता तिनं त्याचे हात शालीत घेतले. बोटं निळी पडली होती आणि त्यांना मांसाच्या चरबीचा वास येत होता. हरिणी कंटाळून निघून गेली.

मिनर्व्हा गुरुवारी आली. तिचा पलंग वर्डेलाच्या शिवणखोलीत लावलेला होता. शिवणयंत्र स्वयंपाकघरात, खिडकीखाली आलं होतं.

“तुझी खोली कशाला दिलीस?” मिनर्व्हानं विचारलं. “मागची एक आहे ना रिकामी?”

“ती रिकामी नाही,” वर्डेला म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला वाकली.