पाळकांनी न निवडलेला भाऊ

माझा भाऊ आठ दिवसांचा होऊन गेला. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. चिखलीजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही आजोबांपासूनचे ख्रिस्ती. तरी शेजारणींचं पाहून आईनं पाचवीला बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली होती, सटवीनं नशीब लिहावं म्हणून. नेमके तेव्हाच आमच्या चर्चचे पाळक प्रार्थनेला आले आणि ते पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मातीच्या वेळी आईनं त्यांना एवढंच विचारलं, बाळ देवापाशी गेलं ना? ते म्हणाले, देवानं जग घडवायच्या आधीच आपली माणसं निवडून ठेवली आहेत. मग कबरीकडे बोट करून म्हणाले, "हे त्यातलं नव्हतं, बाई."

आठ दिवसांच्या लेकरानं देवाचं काय बिघडवलं होतं, असं आई पुढं कित्येक महिने बाबांना विचारायची. बाबा भित्रे, ते तिला गप्प करायचे. मी तेव्हा बारा वर्षांची होते. या माणसाला एक दिवस रडवायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. रविवारच्या शाळेत ते पूर्वनियोजन शिकवायचे: तारण कर्मानं मिळत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. मी शब्द न् शब्द पाठ केला, तो काही भक्तीनं नव्हे.

पुढं मी मिशनच्या दवाखान्यात नर्स झाले. एका उन्हाळ्यात त्यांचा नातू हगवणीनं सुकून आला, डोळे पार खोल गेलेले. मी सलाईन लावत होते. पाळक दारात उभे राहून विचारू लागले, वाचेल ना?

"जग व्हायच्या आधीच ठरलं असंन न," मी म्हटलं, "मले काऊन इचारता?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं. सुई मी नीट लावली, कामात कसूर केली नाही. पण दुपारी पोरानं लघवी केली, ते वाचलं हे मला कळलं, तरी तासभर मी त्यांना सांगितलं नाही. बाकावर बसून ते रडत होते आणि मी बघत होते.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून ते आमच्या घरी आले. तुमच्या बाळाबद्दल बोलायचं आहे, म्हणाले. आईनं त्यांना बसा म्हटलं नाही.

"माह्यं लेकरू देवापाशी हाये का?" तिनं विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "मला माहीत नाही, बाई. तेव्हाही माहीत नव्हतं."

आई आत गेली. माहीत नव्हतं! माहीत नसताना हा माणूस कबरीवर उभा राहून बोलला होता, आणि तेवढ्यावर माझी आई दहा वर्षं झुरली. ते हात जोडून माफी मागायला लागले. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.