आंटीचं लाल स्टूल

अहो, असे दारात काय उभे? या, जवळ या, बसा. येता ते वाऱ्यासारखे, चप्पल काढायचीसुद्धा तयारी नाही! उभ्याउभ्या बोलणारी माणसं मला आता चालत नाहीत. ही खोड माझी नव्हे हं. आमच्या मजल्यावरच्या आंटीने लावलेली.

दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. मी देश सोडून या बेटावर, मरीन परेडला मुलाकडे नुकती राहायला आले होते. आंटी चिनी, साठी ओलांडलेली, केस पुरुषासारखे कापलेले, आणि कुठेही निघाली तरी हातात लाल प्लॅस्टिकचं स्टूल. उभं माणूस दिसलं की पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवायची आणि ओरडायची, "सिट लाह!" पोस्टमनला बसवलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला बसवलं. मतं मागायला आलेल्या एका गृहस्थांनाही बसवलं आणि स्वतः आत जाऊन टीव्ही बघत राहिली.

प्रेमळ वगैरे होती असं समजू नका. माझ्या साडीला ती पडदा म्हणायची. मला हाक मारायची "ए इंडिया!" सगळा देश माझ्या एकटीच्या डोक्यावर. तिची इंग्रजी तुटकी, माझी फुटकी. भांडण मात्र अस्खलित व्हायचं.

"या स्टूलाचं काय वेड आहे गं तुला?" मी एकदा विचारलं.

"माझी आई विकत घेतलेली होती," ती म्हणाली. बाजारातून आणलेल्या कोबीबद्दल बोलावं तशी.

इथल्या श्रीमंत चिनी घरांत पूर्वी गरिबांच्या पोरी कामाला विकत घ्यायचे. तिची आई अशीच लहानपणी आणलेली. मालकीण मैत्रिणींबरोबर खेळायला बसली की ही मागे पंखा घेऊन उभी. सगळे जेवायला बसले की ही भिंतीशी उभी. पुढे कायदा झाला, सरकारी बाई घरी आली आणि तिला सोडवून घेऊन गेली. तिने लग्न केलं, घर केलं, जेवायचं टेबल घेतलं. आणि मरेपर्यंत चुलीपाशी उभी राहूनच जेवली.

"सोडवलं सगळ्यांनी," आंटी म्हणाली, "बसवलं कुणी नाही." मग माझ्याकडे नीट बघून, "तुझा पडदा धुवायला झालाय."

आता आमच्या समोरच्या मॅनेजरीणबाई. पुण्याच्या, मोठ्या हुद्द्यावरच्या. त्यांच्याकडे यांती नावाची इंडोनेशियाची मुलगी कामाला, रात्रंदिवस घरातच राहणारी. तिची थोरली बहीण पुंगोलला अशीच एका घरी. बहिणीला रविवारी सुट्टी, यांतीला एकही नाही. दोन वर्षं एकाच बेटावर राहून दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. मी बाईंकडे शब्द टाकून पाहिला.

"काकू, सुट्टी कामवालीला देतात. यांती तर आमच्या घरातलीच आहे हो!"

घरातलीला कसली आली सुट्टी? बिनतोड उत्तर. मी घरी येऊन भाजी निवडायला बसले.

पुढे गौरीजेवणाला बाईंनी सगळा मजला बोलावला. लिटिल इंडियातून केळीची पानं आणलेली, हॉलभर पंगत. पहिली पंगत पुरुषांची, शिवाय पाहुणी म्हणून आंटी आणि म्हातारी म्हणून मी. बाई पैठणी नेसून वाढत होत्या, जाऊ वाढत होती, भाची वाढत होती. आंटी आपल्या स्टूलावर बसून बघत होती. मग माझ्या कानाशी वाकली आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशी कुजबुजली, "या सगळ्या विकत घेतलेल्या?"

"नाही गं बाई! ती तर घरची मालकीण. आमच्यात मालकीण शेवटी जेवते."

"कुणी सांगितलं?"

पुरुषांनी माना खाली घालून वरणभात कालवला.

आंटी उठली. "सिट लाह!" बाईंना खांदे धरून बसवलं, जावेला बसवलं, भाचीला बसवलं. बाईंच्या यजमानांच्या हातात तुपाचं भांडं दिलं. ते त्या भांड्याकडे असे बघत राहिले, जणू त्यात पाल पडलीय. उरली यांती, स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा जग घेऊन. आंटीने स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. यांतीने बाईंकडे पाहिलं.

"ती मागून जेवते," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "तिला तसंच आवडतं."

"माझ्या आईलाही तसंच आवडायचं," आंटी म्हणाली. आणि पुरणपोळीला बोटही न लावता भिंतीशी जाऊन उभी राहिली. हात पुढे बांधून, मान खाली घालून.

गौरी बसलेल्या घरात पाहुणी उपाशी उभी! बाईंचा चेहरा पांढरा पडला. मीही आगीत थोडं तूप ओतलं, "आजच्या दिवशी पान टाकून पाहुणी गेली, तर कसं हो?"

बाईंनी गौरीच्या मुखवट्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "यांती, बस."

यांती स्टूलाच्या अगदी कडेला बसली आणि जेवली. आंटीने खाली फतकल मारून चार पोळ्या खाल्ल्या, वर "फार गोड" म्हणून नावं ठेवली. निघताना बाईंना म्हणाली, "मी म्हातारी. रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रावर चालायला सोबत नाही. हिला दे."

"घेऊन जा की आंटी! दर रविवारी न्या!"

बघा, सुट्टी द्यायला जीव जात होता. उसनी द्यायला एक क्षण लागला नाही. शेजारी मिक्सर द्यावा तशी दिली.

त्या रविवारी मीही गेले. निरोप मिळालेली यांतीची बहीण लांबूनच धावत आली. दोघी वाळूत बसल्या. आंटी त्यांच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून स्टूलावर बसली.

"रडतायत का?" तिने विचारलं.

"आधी रडल्या. आता हसतायत."

"मग ठीक."

दोनेक वर्षांनी आंटी झोपेतच गेली. उभ्याने गेली नाही, एवढं बरं झालं. तिच्या मुलाने स्टूल मला आणून दिलं. त्याच आठवड्यात मॅनेजरीणबाई दारात आल्या.

"काकू, आता आंटी काही राहिल्या नाहीत. म्हणजे यांतीचा रविवार..."

मी पायाने स्टूल सरकवलं. त्या बसल्या.

"माझे गुडघे हो," मी म्हणाले. "एकटीला ईस्ट कोस्टपर्यंत जाववत नाही."

बाकीचे दिवस मी जिना चढून येते, ते कुणाला सांगू नका. पुन्हा या, लवकर या, आणि चप्पल काढून चांगले बसायला या. फक्त रविवारी नको हं. रविवारी माझे गुडघे दुखतात.