वीसपर्यंतचे आकडे

विवेकला भुताखेतांची भीती कधीच नव्हती. घरात तो विषयच नव्हता. वडील उरणकडे मास्तर. पोरांना त्यांनी लहानपणीच बजावलेलं, की आपण बौद्ध माणसं, अंगात येणं, नजर लागणं असलं काही आपल्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. त्यामुळे झालं काय, की एकोणतिसाव्या वर्षी विवेकला खरोखरच कुणीतरी छळायला लागलं, तेव्हा बिचाऱ्याला ते सांगायची सोयच राहिली नाही.

नोकरी न्हावा शेव्याच्या एका यार्डात, रिकामे कंटेनर तपासायची. तिथली मंडळी कंटेनरला डबाच म्हणतात. रिकामा डबा पुन्हा माल भरायला द्यायचा, तर त्याला कुठे भोक नाही ना, ते आधी बघावं लागतं. रीत अगदी साधी. एकाने आत जाऊन उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. त्यात कुठे सुईएवढा उजेड दिसला की तिथे खडूने खूण करायची आणि दारावर दोन थापा मारायच्या. बाहेरच्याने दार उघडायचं, की पुढचा डबा.

हे काम विवेक आणि कमलेश चार वर्षं जोडीने करत होते. कमलेश श्रीवर्धनजवळच्या एका गावचा, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच कुकरमधला भात खायचे. आणि कमलेशला एक वाईट खोड होती. आत गेला की दोन थापा मारायच्याऐवजी हा बाबा दार बडवायला लागायचा. "विक्या, मेलो रे! उघड, मेलो!" पहिल्यांदा विवेक धावतच दाराशी गेला. दार उघडून बघतो तर साहेब उकिडवे बसून खिदळतायत! दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मात्र विवेकने पाठ फिरवली आणि सावकाश वीसपर्यंत आकडे मोजले, मग दार उघडलं. पुढे तो नेमच झाला. कमलेशने बोंबलायचं, विवेकने वीस मोजायचे, आणि दार उघडल्यावर दोघांनी एकमेकांना शिव्या घालायच्या.

रविवार म्हणजे भटकंती. सोमवारी सकाळीच रविवारचे बेत सुरू. एका बाईकवर दोघं, अलिबाग, रेवदंडा, काशीद. तिथे एक डुंबणं, टपरीवर अंडा-पाव, मग आगरदांड्याला बाईक बोटीवर चढवून पलीकडे दिघी आणि तिथून कमलेशच्या घरी जेवायला. त्याची आई चंदाबाई वाडीत सुपारी सोलायला जाते. एकटी बाई, पण दोघांच्या ताटात सुक्या जवळ्याची चटणी आणि गरम भाकरी पडली नाही असा रविवार गेला नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी, अशाच एका रविवारी, काशीदला कमलेश पाण्यात शिरला. विवेक वाळूत उभा, दोघांचे मोबाईल आणि कपडे सांभाळत. कंबरभर पाण्यातून कमलेश ओरडला, "विक्या, मेलो रे! मेलो!"

आता सांगा, कोण धावला असता? विवेक हसला. त्याने पाठ फिरवली आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. चौदाला आवाज बदलला. कमलेश "आये!" म्हणून ओरडला. विवेकच्या मनात आलं, लेकाने आज नवीन नाटक काढलंय. पंधरा, सोळा. वीसला तो वळला तेव्हा पाणी नुसतं पसरलेलं होतं.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला त्याने सांगितलं, लाट आली आणि क्षणात गेला. चंदाबाईलाही तेच. एकदा बोललेलं मग फिरवता येईना. तेव्हापासून दर रविवारी तो श्रीवर्धनला जातो. काशीदचा रस्ता सोडलाय, लांबून माणगाव, म्हसळ्यावरून जातो. पाण्याची टाकी धुऊन देतो, कौलं सारखी करतो, गॅसचा सिलिंडर आणून देतो. आणि चंदाबाई जेवायला वाढताना दर रविवारी एकच विचारते, "हाक न्हाय मारली का रं तेनं?"

"न्हाय, काकी. क्षणात झालं."

"येवडा बडबड्या पोरगा," ती स्वतःशीच म्हणते, "आन जाताना मुका." मग उठून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखालच्या कमलेशच्या फोटोवर उगाच पदर फिरवते. एकदा म्हणाली होती, "त्या दिवशी सकाळी फोनवर लय बोललू व्हते मी तेला. लग्नावरनं. तोंड दावू नको म्हनलं." विवेकने ते कानाआड केलं. कमलेशने ते बोलणं कधीच हसण्यावारी नेलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. पण अपराधी माणसाला स्वतःच्या अपराधापुढे दुसऱ्याचं दुःख दिसतच नाही!

छळ सुरू झाला तो डब्यात. कमलेश गेल्यावर पहिल्याच आठवड्यात. विवेक आत अंधारात उभा होता, आणि त्याने थापा मारायच्या आधी बाहेरूनच कुणीतरी दार बडवलं. जोरजोरात, घाईघाईने. दार उघडल्यावर नवा जोडीदार राहुल म्हणाला, "मी कशाला बडवू? येडा हैस काय?" मग ते रोजचंच झालं. आत असला की बाहेरून, बाहेर असला की रिकाम्या, अजून न उघडलेल्या डब्यातून. खोलीत कुकरची शिट्टी होईपर्यंतच्या शांततेतही. विवेक कुणाला बोलला नाही. घरी सांगावं तर वडील काय म्हणतील? त्याने एकच उपाय काढला. थाप ऐकू आली की ती खरी नाही असं धरून चालायचं. दोन थापा, स्वच्छ, मोजून आल्या तरच हात लावायचा.

आणि या गुरुवारी घोळ झाला. भर दुपार, डबा तव्यासारखा तापलेला, आत राहुल. दारं लावल्यावर विवेकला बडवणं ऐकू आलं, जोरजोरात, घाईघाईने. त्याने डोळे मिटले. नाही, हे खरं नाही. ओठ आपोआप हलायला लागले. एक, दोन, तीन. वीस झाले तरी थांबेना, म्हणून त्याने पुन्हा एकपासून धरलं. शेवटी पलीकडचा क्रेनवाला धावत आला आणि त्याने दार ओढलं. राहुल बाहेर पडला तो गुडघ्यावरच. आत त्याला भोवळ आली होती. सावरून पाणी प्यायला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती वाजवलं मी, विवेक. बाहेरच हुतास ना तू?"

होता ना. बाहेरच होता. तीन वर्षांपूर्वीही बाहेरच होता.

रविवारी विवेकने बाईक काढली ती काशीदच्या रस्त्याला. टपरीपाशी थांबला, पाण्याकडे बघितलं, थांबावंसं वाटेना, निघाला. चंदाबाईच्या दारात पोचला तेव्हा ती ओट्यावर सुपाऱ्या सोलत होती. जयभीम केला आणि जेवायच्या आधीच तो खाली जमिनीवर बसला.

"काकी, मी खोटं बोललो. तेनं हाक मारली होती."

चंदाबाईचा हात थांबला. विवेकने सगळं सांगितलं. डब्यातली मस्करी, वीस आकडे, हसणं, पाठ फिरवणं. चौदाव्या आकड्यालाही तो थांबला नाही, हेही सांगितलं. आता ही आपल्याला घराबाहेर काढणार, शिव्याशाप देणार, द्यायलाच हवेत, असं धरूनच तो मान खाली घालून बसला होता.

"चौदाला काय म्हनला?"

"आये म्हणाला, काकी."

"पुना सांग."

"आये म्हणून ओरडला."

चंदाबाईने हातातली सुपारी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे तेला जगायचं व्हतं."

विवेकने वर बघितलं.

"तीन वरसं मी समजून चाललू, का माज्या बोलन्यानं पोरगा आपल्या पायानं पान्यात गेला. हाक न्हाय मारली म्हनलास ना तू! जेला जगायचं असतं तो हाक मारल्याबिगर जाईल का?"

स्वतःला वाचवायला बोललेलं ते एक वाक्य या बाईने तीन वर्षं गळ्यात धोंड्यासारखं बांधून वागवलं होतं, आणि तो मात्र दर रविवारी येऊन तिची टाकी धूत होता.

ती उठली. आत गेली, ताट वाढून आणलं, त्याच्यासमोर ठेवलं. स्वतः दाराकडे तोंड करून बसली.

"जेव. आन पुडच्या आयतवारी येऊ नको."

"बरं, काकी."

"मला तुजं तोंड बगवायचं न्हाय त्या दिवशी. मला माज्या पोरासाटी रडायचंय. येवडे दीस सोतासाटीच रडलू." तिने पदराने नाक पुसलं. "तेच्या पुडच्याला ये. कौल सरकलंय न्हानीवरचं."

विवेकने भाकरीचा तुकडा मोडला. त्याने ताट पुसून खाल्लं.