हाताची घडी, तोंड चालू

राखीव पलटण म्हणजे काय, हे मिस्त्रींच्या बायकोने शेजारणीला एका दमात समजावून दिलं होतं. "लग्नाचा हॉल असतो ना, तसं. वर्षभर कुलूप, आणि लग्न निघालं की ही गर्दी! आमचे हे तिथले राखणदार."

राखणदार म्हटलेलं मिस्त्रींना झोंबायचं. ते पलटणीचे बारमाही पगारी मेकॅनिक. अशी बारमाही माणसं तिथे मोजकीच. बाकीची, म्हणजे न्हावी, दंतवैद्य, शाळेतल्या बाई वगैरे, वर्षातून एकदा पोटावर न बसणारा गणवेश चढवून सरावाला यायची. एरवी ट्रकांच्या त्या लांबलचक रांगेला मिस्त्रींशिवाय वाली नव्हता. ते रोज एकेक ट्रक सुरू करून आवारात हळूहळू फिरवून आणत, आजारातून उठलेल्या सासऱ्याला आणावं तसा.

यंदा वरून हुकूम आला. खर्च फार होतो, तेव्हा महिनाभर मिस्त्रींनी ट्रकांना हात लावू नये. त्यानंतरच्या सरावात मिस्त्रींचा हात न लागता हंगामी माणसांनी ट्रक बाहेर काढले, तर मिस्त्रींची जागा रद्द.

"म्हणजे मी नुसतं बसायचं?" मिस्त्रींनी पलटणीच्या प्रमुख मेजरबाईंना विचारलं.

"बसा. चहा प्या," बाई त्यांची नजर चुकवत म्हणाल्या.

बायकोला मात्र हुकूम पसंत पडला. "अहो, गप्प बसायचं आणि नोकरी वाचवायची! जन्मात पहिल्यांदा सोपं काम आलंय."

सरावाच्या सकाळी मिस्त्री हाताची घडी घालून कठड्यावर बसले. पहिलाच ट्रक खोकला आणि गप्प झाला. स्टिअरिंगवर न्हावी होता, बॉनेटमध्ये डोकं घालून दंतवैद्य.

"मिस्त्री, हिला काय झालंय हो?"

मिस्त्री आभाळाकडे बघत राहिले. ट्रक पुन्हा खोकला. तिसऱ्या खोकल्याला मात्र ते कठड्यावरूनच ओरडले.

"अहो, डिझेलच्या नळीत हवा अडकलीय! फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा!"

"भूल न देता?" दंतवैद्य म्हणाला.

न्हावी खाली उतरून पंप मारू लागला. फेस आला, तसा तो स्क्रू आवळायला निघाला.

"थांब! बुडबुडे आहेत अजून. अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक उठवतोस का रे?"

ट्रक धडधडला. मग काय, रांगभर "मिस्त्री, इकडे! मिस्त्री, हिचं काय?" सुरू झालं. दुपारी शेवटचा ट्रक शाळेतल्या बाईंनी फाटकाबाहेर काढला, आणि मोकळ्या आवारात मिस्त्रींना उमगलं, की आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

मेजरबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हात नाही लावलात."

"नाही."

"पण ओरडलात केवढं! तेही अहवालात घालणार आहे. तुमचा पगार जड जातो हे खरंय, मिस्त्री. पण बघायला माणूस नाही, असे ट्रक बाळगणं त्याहून महाग. अर्धे दुसरीकडे देऊ, उरलेले तुम्ही सांभाळा. आणि या लोकांना रविवारी शिकवायचं."

"अर्धे?"

"कोणते द्यायचे, ते तुम्हीच ठरवा."

वरून होकार आला. कोणता ट्रक द्यायचा, या विचाराने मिस्त्री आठवडाभर नीट जेवले नाहीत. अखेर ट्रक गेले. पण नोकरी राहिली, आणि पहिल्या रविवारी वर्ग भरला. पुढच्या बाकावर दंतवैद्य, मागे न्हावी, आणि खिडकीशी पदर खोचून साक्षात बायको.

"तू कशाला?"

"घरातला पंखा वर्षभर बंद आहे. म्हटलं, स्वतःच शिकावं. चला, सुरू करा, मास्तर."