साहेब, बठ्ठं बरं शे

अपंगत्वाचा दाखला मागायला जाऊन डॉक्टरांसमोर स्वतःच्याच तब्येतीची तारीफ करणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघावा, हे माझं नशीब. धरणगावच्या या नानांचा मी तीस वर्षं हेवा करत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. माझं नुसतं डोकं दुखलं तरी गल्लीला कळतं. नानांना लकवा झाला, उजवा हात लुळा पडला, तरी भेटायला आलेल्यांना तेच डाव्या हाताने चहा करून पाजत. "नानाकडून शिका जरा," हे घरात रोज ऐकल्यावर कुठल्या नवऱ्याला तो माणूस आवडेल?

पण कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटलेली, वहिनी गेलेल्या, नाना एकटे. पेन्शन हवं तर दाखला हवा. पहिल्या खेपेला ते दाढी घोटून, इस्त्रीचा सदरा घालून गेले. सरकारी दवाखान्यात गबाळं जाणं त्यांना लग्नात गबाळं जाण्यासारखंच वाटतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्याला धरून जिनाही चढवला. वर डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास?" आमच्याकडे कुणी ख्यालीखुशाली विचारली की 'सगळं बरं आहे' हे उत्तर ठरलेलं असतं. नानांनी तेच दिलं, "बठ्ठं बरं शे, साहेब." दाखल्यावर पस्तीस टक्के आले, लागतात चाळीस. अर्ज नामंजूर. दुसऱ्या खेपेलाही सगळं बरंच होतं, वर "तुमनं कसं शे?" अशी डॉक्टरांचीच चौकशी. पुन्हा नामंजूर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या माणसाला एक गोष्ट तरी जमत नव्हती!

तिसऱ्यांदा बायकोने मला सोबत धाडलं. बसस्टँडपासून मी त्यांना कण्हायला शिकवत होतो. या कलेत माझा हात कुणी धरणार नाही. नाना मान डोलवत राहिले आणि आत गेल्यावर म्हणाले, "बठ्ठं बरं शे."

या वेळी डॉक्टरीणबाई नव्या होत्या. "सदरा काढा, खांदा बघते," त्या म्हणाल्या. नाना हसले, पण जागचे हलेनात. मीच बटणं काढायला पुढे झालो, तर एकही निघेना. सगळी बटणं काजांवर दोऱ्याने पक्की शिवून टाकली होती. एका हाताने लावता येत नाहीत, लावून द्यायला घरात कुणी नाही, म्हणून सदरा बनियनसारखा डोक्यावरून चढवायचा. बाईंनी मग बराच वेळ तपासलं आणि सत्तर टक्के लिहिले.

जिना उतरताना नाना माझ्याकडे बघत नव्हते. खाली आल्यावर हळूच म्हणाले, "बहीनले सांगू नका, पाव्हना."

घरी सांगता येईल असं त्यांचं काहीतरी उणं मी तीस वर्षं शोधत होतो. ते हातात आलं, आणि मला नकोसं झालं. बायकोने दारातच विचारलं, "काम झालं ना? नाना कसे होते?"

"ऐटीत होते," मी म्हटलं.

हेवा अजून वाटतो. एवढं दुखणं एकट्याने असं नीटनेटकं झाकून ठेवणं मला या जन्मात जमणार नाही.