खडीच्या रस्त्यावरची पैज

वडिलांशी मी आयुष्यात एकदाच पैज लावली आणि ती जिंकण्यासाठी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सभ्य माणूस समजायला नको.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. आम्ही ऑकलंडला, पापाटोएटोत राहायचो. मी ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर. आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून घेऊन आलो, सहा महिन्यांसाठी असं सांगून. सहा महिने होत आले तशी त्यांची भुणभुण सुरू झाली. परत जायचंय, आपल्या फ्लॅटमध्ये राहायचंय, एकट्याने.

"बाबा, सत्तरी आलीये तुमची."

"मग? हातपाय चालतायत की माझे."

काळजी होती हे खरं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं असं, की बायकोला नुकतीच नोकरी लागली होती आणि मुलगी तीन वाजता शाळेतून सुटायची. तिला घरी आणणारा, वर संध्याकाळची भाजी चिरून ठेवणारा घरचा माणूस कोण सोडेल?

रविवारी मी सायकल चालवायचो. पुकेकोहेच्या पुढे कांद्याबटाट्याची शेतं संपली की डोंगर लागतात, आणि डोंगरात खडीचे रस्ते. डांबर नाही, नुसती सुटी खडी. इथले लोक त्याला मेटल रोड म्हणतात. तासन्‌तास माणूस दिसत नाही. गाई, मेंढ्या, तारेचं कुंपण, मैलभराने एखादी पत्र्याची टपालपेटी. ग्रॅव्हल बाइक हा शब्द तेव्हा आमच्यात कुणाला माहीत नव्हता, माउंटन बाइक घेऊनच जायचो. बाबांना याची फार गंमत वाटायची. "मोटारीवर सायकल बांधून सायकल चालवायला जातो हा! आम्ही तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात जायचो सायकलने. कुणी कौतुक नाही केलं बाबा आमचं."

एकदा जेवताना त्यांनी पुन्हा तिकिटाचा विषय काढला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ठीक आहे. रविवारी माझ्याबरोबर चला. अख्खी फेरी पूर्ण करा, चढावर ढकलत नेलीत तरी चालेल. केलीत तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो. पण पडलात, तर जायचा विषय बंद. फ्लॅट विकून टाकायचा."

बाबांनी उष्टा हात ताटात ठेवून डावा पुढे केला. "शब्द?"

"शब्द."

"काहीतरीच काय!" बायको म्हणाली. पण तिनेही थांबवलं नाही.

अटी घालायची सवय त्यांचीच. पाढे झाल्याशिवाय पतंग नाही, पहिल्या पाचांत आल्याशिवाय सहल नाही. सहावीत दोन मार्कांनी माझा नंबर हुकला. अख्खा वर्ग सहलीला गेला, मी कॉटवर पालथा पडून रडलो आणि हे गृहस्थ शेजारी शांतपणे पेपर वाचत होते. आता अट घालायची पाळी माझी होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नेहमीचा सोपा रस्ता मी सोडला आणि मुद्दाम असा निवडला की शेवटी लांबलचक, तीव्र उतार आहे. कारण बाबांची उतरायची पद्धत मला ठाऊक होती. जुने पुणेकर सायकल थांबवून उतरत नाहीत. चालत्या सायकलवर उजवी टांग मागून काढायची, डाव्या पॅडलवर उभं राहायचं आणि टुणकन खाली. डांबरावर हे ऐटीत दिसतं. सुट्या खडीवर, उताराला, सगळा भार एका बाजूला गेला की चाक सरकलंच. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी स्वतः असा आपटलो होतो. ढोपरावर खूण आहे अजून.

रविवारी सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "खडीवर काही वेगळं सांभाळावं लागतं का रे?"

मी बुटाची नाडी बांधत होतो. वर न बघता म्हणालो, "काही नाही. सायकल ती सायकल."

आणि काय सांगू, बाबा पडेचनात! चढ आला की वेग आपोआप कमी झालेला असायचा, त्यामुळे तिथे उतरूनही काही बिघडत नव्हतं. उतरायचे, सायकल ढकलत वर न्यायचे, धापा टाकत परत बसायचे. कानटोपीवर माझ्या मुलीचं जांभळं हेल्मेट. कुंपणाशी काम करणाऱ्या एका शेतकऱ्याला यांनी "किया ओरा" म्हणून हातही केला. एका माथ्यावर थांबून खालचं हिरवं खोरं बघत म्हणाले, "अरे, हा तर आपला पानशेतचा रस्ता! तुझ्या आईला दाखवायला हवा होता." माझ्या मनात एकच, आता किती राहिलं.

शेवटचा उतार लागला. खाली वळणावर लावलेली आमची गाडी दिसत होती. दहा मिनिटांत पैज हरणार होतो मी. तेवढ्यात समोरून दुधाचा टँकर वर चढत आला. मी ब्रेक दाबत कडेला थांबलो आणि मागे वळून बघितलं. मोठी गाडी आली की उतरून बाजूला उभं राहायचं, ही बाबांची जन्माची सवय. त्यांची उजवी टांग उचललेली मला दिसली. "उतरू नका" ओरडायला पुरेसा वेळ होता. मी ओरडलो नाही.

चाक सरकलं. सायकल एकीकडे, बाबा दुसरीकडे. खडीवरून घसरत ते पार कडेच्या गवतापर्यंत गेले.

टँकरवाला गाडी थांबवून माझ्याआधी त्यांच्यापाशी पोचला. आडदांड माओरी माणूस, हाफपँट आणि गमबूट. "मटुआ, मटुआ" करत त्याने त्यांना उठवून बसवलं. माओरी लोक वडीलधाऱ्या माणसाला असंच म्हणतात. स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतून त्याने त्यांच्या तळव्यातले खडे एकेक करून काढले. बाबांचं उजवं मनगट भलतीकडेच वळलं होतं. तो इंग्रजीत म्हणाला, "असल्या रस्त्यावर सायकल पूर्ण थांबेपर्यंत सीट सोडायची नसते, मटुआ. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. चहाच्या वेळचं माझं उत्तर त्यांना आठवलं असणार, आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मग त्या माणसाकडे वळून आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "माय सन टोल्ड मी. आय फरगॉट."

गाडीत बसल्यावर म्हणाले, "जिंकलास बाबा तू."

तेव्हा बोलायला हवं होतं. बाबा, चुकलो, पैज गेली खड्ड्यात, तिकीट काढतो. एवढं सोपं होतं. मी म्हणालो, "पट्टा लावा." त्यांना एका हाताने जमेना. मीच वाकून लावला.

हॉस्पिटलमधून मनगटाला प्लास्टर घालून आम्ही दुपारी घरी आलो. मुलीने "आजोबा, आर यू ओके?" विचारलं. ते हसले, "हो गं, मजा आली," म्हणाले आणि खोलीत गेले. थोड्या वेळाने मला हाक मारली. कॉटखालून बॅग ओढायला सांगितली. भरलेली होती. वर सुतळी बांधलेली, मार्करने पुण्याचा पत्ता लिहिलेला. जिंकणारच या खात्रीने त्यांनी शनिवारीच तयारी करून ठेवली होती.

"काढ सगळं बाहेर. मला डाव्या हाताने सुतळी सुटत नाही," म्हणाले.

मी सोडली. लाज वाटली का? वाटली, मरणाची वाटली. तरी मी एकेक शर्ट काढत गेलो आणि ते कॉटवर बसून कुठला कप्प्यात, कुठला हँगरला, ते सांगत राहिले. आईचा फोटो पंच्यात गुंडाळलेला होता, तो त्यांनी मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. बॅग रिकामी झाली. खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, "उद्या मी एकटा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो तर चालेल का रे? पेपर आणायला."

मी म्हणालो, "बघू."