हेवी लायसनचा मच्छूनाना

काष्टीच्या अलीकडं, ओढ्याच्या अंगाला जी वस्ती आहे तिथं मच्छिंद्रला आडनावानं कोणी हाक मारत नाही. ‘हेवीवाला नाना’ म्हटलं की अंगणात खेळणारं शेंबडं पोरसुद्धा बोट करून घर दाखवतं. वस्तीवर गाड्या आल्या त्या धाडधाड आल्या. दुधवाल्यांच्या मोटारसायकली आल्या, कॉलेजातल्या पोरींच्या स्कुट्या आल्या, ट्रॅक्टर तर दारोदार झाले, आणि राधाकृष्णअण्णांनी दहा टायरी ट्रक आणून उभा केला. पण नगरच्या आरटीओत हेलपाटे घालायला कोणाला सवड? गाडी आधी, लायसन मागनं, असा सगळा कारभार. त्यात मोठ्या गाडीचं रीतसर लायसन होतं ते एकट्या नानाचं. अण्णांच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून होता तोही तोच.

लायसन त्यानं सरळ मार्गानं काढलेलं होतं आणि तेवढा ताठा त्याच्या चालण्यातही उतरला होता. सकाळी चहाच्या टपरीवर बसला की कोणी ना कोणी आपलं लायसन त्याच्यापुढं धरायचं.

“नाना, ह्याच्यावर काय लिव्हलंय बगा बरं. मेव्हण्याचा छोटा हत्ती टेम्पो चालवू का नको?”

नाना चष्मा कपाळावरनं नाकावर ओढायचा. “हे बग, ही तुजी मोटारसायकल, गिअरची. बिनगिअरची स्कुटी हिच्यातच आली. पन ज्याच्याकडं नुसती बिनगिअरची नोंद हाय त्यानं गिअरच्या गाडीला हात लावायचा न्हाई. आता तुज्याकडं हलक्या गाडीची नोंद कुठंय? ती असली म्हंजी जीप, ट्रॅक्टर, छोटा हत्ती, समदं चालतं. ती काढ आदी.”

“आन् तुमच्यासारखं हेवी?”

“हलक्याचं वरीसभर जुनं हुयाला लागतं, मंग हेवी. पुन्ना दर पाच वर्सानं डाक्टरचा दाखला. कारखान्याच्या स्पिरिटचा टँकर वढायचा म्हनला तर त्याचं ट्रेनिंग येगळं आन् नोंदबी येगळी. नुसतं ष्टेरिंग फिरवता आलं म्हंजी डायवर झाला न्हाई, गड्या.”

“नाना, म्हशीवर बसायला कंची नोंद लागती?”

“म्हशीला इचार. तिनं बसू दिलं की झालास पास.”

टपरी खदाखदा हसायची आणि नानाचा चहा कोणीतरी परस्पर सांगून टाकायचं.

पण नानाला वस्तीत जो मान होता तो ह्या मास्तरकीचा नव्हता. तो वेगळ्याच कामाचा होता. कोणाची गाडी कुठं धडकली आणि चालवणाऱ्याकडं त्या गाडीचं लायसन नसलं, की निरोप यायचा, ‘नाना, लायसन घेऊन या.’ नाना जायचा, पोलिसांपुढं उभा राहायचा आणि म्हणायचा, “मीच चालवत हुतो.” एकदा कोणाच्या तरी टेम्पोनं डाळिंबाच्या बागेचं तारेचं कुंपण ओढून नेलं, एकदा ट्रकखाली म्हैस सापडली. नानानं दोन्ही आपल्या नावावर घेतलं. इन्शुरन्सचं काम झालं, म्हशीच्या मालकाचंही भागलं, सगळे खूश. तेव्हापासून लग्नाकार्यात नानाला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवायचे. त्याची बायको मनकर्णा तेवढी म्हणायची, “दुसऱ्याचं खरकटं आपल्या ताटात घ्यायचं आन् वर त्येला मान म्हनायचं.” नाना हसण्यावारी न्यायचा. कोणाचं वाटोळं तर झालं नव्हतं.

यंदा थंडी सरता सरता, बाजाराच्या दिवशी, नाना कर्जतला भाच्याच्या साखरपुड्याला गेला होता. पंगतीत बसून जिलेबीला हात घालतो तोच अण्णांचा फोन.

“नाना, लायसन जवळ हाय न्हवं?”

“हाय की. का वो?”

“रविराजच्या हातनं जरा लागलं एका बाईला. बाजारात. तुमी निगा लगोलग.”

रविराज म्हणजे अण्णांचा थोरला. पंचविशी उलटलेला, दाढी कोरून ठेवणारा गडी. त्याच्याकडं हलक्या गाडीचं लायसन होतं, हेवीचं नव्हतं. नाना नाही म्हणून, अण्णांनी घेतलेल्या गाया आणायला तोच ट्रक घेऊन गुरांच्या बाजारात गेला होता.

नाना ताटावरनं उठला. गर्दी जमायच्या आत रविराज ट्रक सोडून निसटला होता. पोलीस ठाण्याशी पोचला तेव्हा अण्णांनी त्याला झाडाखाली घेतलं आणि काय सांगायचं ते सांगितलं: गाडी मागं घेत होतो, माणूस दिसलं नाही. नानानं आत जाऊन तेच सांगितलं, सही केली आणि बाहेर आल्यावर विचारलं, “बाईला कितपत लागलंय?”

“पायाला हाय. नगरला न्हेलीय. हुतंय बरं,” अण्णा म्हणाले.

बरं झालं नाही. दोन-चार दिवसांत कळलं, की पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

बाई म्हणजे लंकाबाई. गुरांच्या बाजारात कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा असा गुरांचा साज मांडून बसणारी. तिला ओळखत नाही असा बैलवाला त्या बाजारात नव्हता. आणि तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला आता हेही ठाऊक झालं, की तिचा पाय मच्छूनानानं घालवला. पुढच्या बाजारी नाना गेला तर नेहमीचा पेंडवाला ‘या नाना’ म्हणाला नाही. दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडं वळून तराजू नीट करत बसला. दोन बाया बोलत उभ्या होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, “त्योच बग. हेवीवाला. आन् लोकास्नी शिकवतोय टपरीवर!” नानाला वाटलं, वळून सांगावं, अगं बाई, मी नव्हतोच, मी कर्जतला जेवत होतो. ठाण्यात खोटं सांगताना जीभ कशी सुरळीत चालली होती. इथं खरं सांगायचं तर टाळ्याला चिकटली. पेंड न घेताच तो माघारी आला.

वस्तीवर सगळ्यांना खरं ठाऊक होतं. तिथं त्याला पहिल्यापेक्षा जास्तच मान मिळायला लागला, आणि तोच मान आता खरजेसारखा खाजायला लागला. टपरीवर कोणी लायसन पुढं धरलं की तो म्हणायचा, “चष्मा इसरलोय.” चष्मा कपाळावर असायचा. समोरचा लायसन परत खिशात घालायचा.

मग एक दिवस अण्णांनी बोलावून घेतलं. “नाना, तुमी एकदा दवाखान्यात जाऊन या. डायवर स्वतः भेटाय आला म्हनलं की मानसाचं मन निवळतं. फळंबिळं घेऊन जा.”

“अण्णा, रविराजला धाडा की. मी काय बोलू तितं?”

“खुळं का काय तुमी? त्यो कशापायी जाईल? त्यो कुटं हुता तितं?”

अण्णा हे इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाले, की रविराज खरंच तिथं नव्हता असं नानालाही क्षणभर वाटून गेलं.

मांडीवर मोसंब्यांची पिशवी घेऊन नाना नगरच्या एसटीत खिडकीशी बसला. इतके दिवस जी गोष्ट तो मनात येऊ देत नव्हता ती रिकाम्या बसल्याजागी आलीच. रविराजला ट्रक शिकवला होता तो नानानंच. गेल्या साली ऊस तुटून गेल्यावर अण्णांच्या मोकळ्या रानात. पोरगा हुशार, बघता बघता पुढं पळवायला लागला. मागं घ्यायचं तेवढं राहिलं. मोकळ्या रानात मागं कशाला घ्यायची? खाली माणूस उभा करायचा, आरशात जे दिसत नाही तिथंच कोणीतरी आहे असं धरून चालायचं, हे सगळं सांगू नंतर म्हणून राहून गेलं. रविराज एकदा म्हणालाही होता, “नाना, हेवीचं काढूनच टाकतो.” आणि नाना लाडात येऊन म्हणाला होता, “काय घाई हाय रं? मी हाय की.”

एसटीत नानानं डोळे गच्च मिटले. शेजारचा म्हातारा म्हणाला, “मळमळतंय का? काच सरकवा वाईच.”

दवाखान्यात लंकाबाईच्या खाटेशी तिची लेक रुपाली बसलेली होती. नानानं नाव सांगितलं तशी ती ताडकन उठली.

“तुमी? त्वांड घेऊन आलात हितं? आन् मोसंबी आनलीत? मोसंबी खाऊन पाय फुटतोय व्हय माज्या आईला?”

शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. नाना पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

“रुपे, गप बस,” लंकाबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण बाजारातला करारीपणा त्यात होताच. तिनं नानाकडं निरखून पाहिलं. “ह्यो न्हाई त्यो.”

“अगं, ह्यांनीच लिहून दिलंय ठाण्यात!”

“दिऊ दे लिहून. गाडीत दाढीवाला पोरगा हुता. कानाला मोबाईल. मी वरडले, गाडीवर हात बडवला, त्येला काय ऐकू गेलं न्हाई. हे मच्छूनाना. आपल्याकडनं म्होरकी न्हेत्यात, घासाघीसबी करत न्हाईत.” मग नानाकडं वळून, “कोन हुता वो त्यो? मालकाचा पोरगा?”

नानानं मान हलवली.

“मंग तुमी कशाला म्हनला, मी हुतो म्हनून?”

“त्याच्याकडं... हेवीचं न्हाई. हलक्याचं हाय.” टपरीवर जे तो मांडी ठोकून सांगायचा तेच आता चोरासारखं तोंडातून निसटलं.

लंकाबाई कोपरावर जरा उठली. “म्हंजी तुमाला पुढं केलं. चाकरीचा मानूस, करतो काय.” आणि लेकीला म्हणाली, “बसू दे त्यास्नी. त्यांचा काय दोस न्हाई. पानी दे.”

रुपालीनं तोंड फिरवून पेला पुढं केला. ह्या पाण्यापेक्षा मघाच्या शिव्या बऱ्या होत्या, असं नानाला झालं. त्यानं पेला तसाच खाली ठेवला.

“दुपारी पोलीस यायचाय माजा जबाब घ्यायला,” लंकाबाई म्हणाली. “मी दिसलं तेच सांगनार. तुमाला तरास व्हावा असं काय माज्या मनात न्हाई, नाना. पन मी खोटं न्हाई बोलनार.”

नाना बाहेर येऊन बाकावर बसला. आता उठून चालू लागणं सोपं होतं. अण्णांना सांगितलं की अण्णा काय ते बघतील. वेदनेत होती, तिला काय दिसतंय, असं कोणीतरी म्हणेल, आणि बाईचंच बोलणं खोटं पडेल. आणि आपण खरं सांगितलं तर आपणच खोटा जबाब दिला म्हणून अडकणार. लायसन जाईल, ट्रक जाईल. स्टेरिंगशिवाय दुसरं काय येत होतं त्याला? तेवढ्यात अण्णांचा फोन आला. “झालं का भेटून? काय म्हनती बाई?”

“झोपलीय,” नाना म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, हेही खोटंच.

दुपारी हवालदार आले. लंकाबाईनं दिसलं तसं सांगितलं. लिहिता लिहिता हवालदार थांबले आणि त्यांनी दारात येऊन उभ्या राहिलेल्या नानाकडं पाहिलं. “नाना, आत या. बाई म्हणतात, गाडीवर तुम्ही नव्हताच.”

“नव्हतो.”

“मग ठाण्यात काय सांगितलंत?”

“खोटं सांगितलं.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “शुद्धीत बोला नाना. हे तुमच्यावरच उलटतंय. लायसन तर जाईलच, वर केस होईल ती वेगळी.”

“हुंदे. गाडीवर रविराज हुता. मी कर्जतला हुतो, समदी पंगत सांगंल.”

हवालदार पुन्हा लिहायला लागले. लंकाबाईच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं दिसलं. रुपालीनं पहिल्यांदाच नानाकडं सरळ बघितलं आणि त्या बघण्यात राग नव्हता. इथं थांबता आलं असतं. पुढचं कोणी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. मायलेकींच्या लेखी तो गरीब, मालकानं पुढं ढकललेला माणूस झाला होता, आणि तेवढं पदरात घेऊन निघून जाता आलं असतं. नानानं उंबऱ्याकडं पाहिलंही.

“आजून एक लिव्हा, सायब,” तो म्हणाला. “त्याला ट्रक शिकवला त्यो मीच. पुढं पळवायला शिकवलं, मागं घ्यायला शिकवलं न्हाई. लायसन काडतो म्हनत हुता त्यो. मीच म्हनलो, राहू दे. काय झालं तर मी निस्तरतो.”

“हे मी विचारलं नाही, नाना.”

“न्हाई इचारलं. तरी लिव्हा.”

लंकाबाई मान वळवून त्याच्याकडं बघत होती.

“काडनार हुता त्यो?”

“व्हय.”

“आन् तुमी नगं म्हनला.”

“व्हय.”

लंकाबाईचा हात चादरीवरनं खाली, पाय संपत होता तिथपर्यंत गेला आणि मागं आला. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. रुपालीनं तिच्या अंगावरची चादर खांद्यापर्यंत ओढली आणि तीही पाठमोरी बसली.

“चला नाना, ठाण्यात यावं लागेल,” हवालदार कागद आवरत म्हणाले.

नाना दारापर्यंत गेला आणि काहीतरी म्हणावं म्हणून वळला. लंकाबाईची पाठ तशीच होती. तो हवालदारांच्या मागं जिना उतरला.